दुकान कोणाचं?

पाटीवर हाताचा पंजा ठेवायचा आणि विचारायचं, "हे सगळं छान आहे. पण दुकान कोणाचं?" ही मॅडमची रीत. पाटी ओली आहे की वाळलेली, हे त्या बघत नसत. त्यामुळे कित्येकदा त्यांच्या तळव्यावर लाल 'श्री' उलटा उमटायचा. मी टर्पेंटाइनचा बोळा पुढे करायचो, तर म्हणायच्या, "राहू दे हो, घरी भांडी घासताना निघेल." आणि पर्स काखेत दाबून, कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारख्या तरातरा समोरचा जिना चढून जायच्या.

खोपटच्या एस.टी. डेपोमागच्या गल्लीत माझं पाट्या रंगवायचं दुकान आहे. आता बहुतेक काम फ्लेक्सचं. फोटो द्या, नाव द्या, तासाभरात फ्लेक्स घेऊन जा, वर्षभरात तो फाटला की पुन्हा या. पण पत्र्यावर ब्रशने अक्षर काढायचं काम माझ्याकडे शेवटपर्यंत टिकलं ते मॅडममुळे. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सरकारी मदतीने चालणारं उद्योजकता प्रशिक्षण केंद्र होतं. मागासवर्गीय, आदिवासी, बायका, अपंग, म्हणजे ज्यांच्या घरात आजवर कुणी गल्ल्यावर बसलेलं नाही, अशांसाठी. मॅडम तिथे मानधनावर शिकवायच्या. माल कुठून घ्यायचा, भाव कसा लावायचा, बँकेत कर्जाचं प्रकरण कसं टाकायचं, हे सगळं अभ्यासक्रमात होतं. पाटीचं मात्र कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं. ते मॅडमनी स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. प्रशिक्षण संपायच्या आत प्रत्येकाने स्वतःची पाटी रंगवून घ्यायची.

"अहो, अजून गाळ्याचा पत्ता नाही, आणि पाटी?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"गाळा मिळाला नाही तर माणूस गप्प घरी बसतो," त्या म्हणाल्या. "पण घरात स्वतःच्या नावाची पाटी भिंतीला टेकून उभी असली की बसवत नाही. येता-जाता पायात येते."

आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे दुकानाला नाव द्यायची वेळ आली की माणूस सगळ्यांची नावं आठवतो, स्वतःचं सोडून. देव, देवी, कुलदैवत, सद्गुरू, मुलगा. मुलगी क्वचित. एक बाई ब्लाउज शिवायची. तिला पाटीवर मुलाचं नाव हवं होतं, त्यापुढे 'लेडीज टेलर'. मॅडमनी पंजा ठेवला.

"तो शिवतो?"

"नाय ओ मॅडम, चौथीत आहे तो!"

"मग त्याला शाळेत जाऊ दे. दुकान कोणाचं?"

बाईने पदर तोंडाला लावला आणि हसत हसत स्वतःचं नाव सांगितलं, पण इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागलं. त्या केंद्रातल्या बायांची नावं मी नेहमी दोनदा विचारून घेतली आहेत. पहिल्यांदा ऐकूच येत नसत.

खाडीकडच्या गावातली एक आगरी बाई होती, सुकी मासळी विकायची. तिला 'आई एकवीरा' हवं होतं आणि ती हटायला तयार नव्हती. "मना कोन वलखतं मॅडम? आईचा नाव बगून चार मानसा तरी येतील." मॅडम तिच्याजवळ बाकावर बसल्या. म्हणाल्या, "वर बारीक अक्षरात आईचं लिहू. खाली मोठ्या अक्षरात तुमचं. लेकीचं नाव मोठं झालं म्हणून कुठली आई रागावते?" मग बाई मला म्हणाली, "लिव रं बाबा," आणि डोळे पुसले. मीही उगाच डब्यात ब्रश ढवळत बसलो.

मॅडम गोड होत्या असं मात्र समजू नका. उशिरा येणाऱ्याला त्या जिन्यातूनच परत पाठवायच्या. बँकेतला साहेब नाही म्हणाला म्हणून कुणी रडत आलं, तर रडू संपेपर्यंत थांबायच्या आणि विचारायच्या, "आता पुन्हा कधी जाणार?" एकदा एका तरण्याबांड, एका पायाने अधू असलेल्या माणसाने मोबाईल दुरुस्तीसाठी केलेला अर्ज तिसऱ्यांदा परत आला. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, अपने को नहीं होगा ये सब." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेबाला कंटाळा येईपर्यंत जायचं. त्याला रोज नाही म्हणायचा पगार मिळतो, तुला मिळत नाही. म्हणून तुला त्याच्यापेक्षा जास्त चिकट व्हावं लागणार." तो पुन्हा गेला. आज त्याचं दुकान वर्तकनगरच्या नाक्यावर आहे आणि माझाच फोन तो फुकट दुरुस्त करून देत नाही, इतका धंदेवाईक झाला आहे.

मॅडमचं स्वतःचं आडनाव 'कर'ने संपणारं होतं. गावावरून पडलेलं. पाटी रंगवणाऱ्याला आडनावांची जेवढी माहिती असते तेवढी लग्न जुळवणाऱ्यालाही नसते, असा माझा दावा आहे. पण हे आडनाव मला कुठे बसवता येईना. एकदा विचारलंही, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?" त्या म्हणाल्या, "डोंबिवलीच्या." पुढे काही विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही.

त्याच सुमाराला शोभा आली. वर्तकनगरच्या वसाहतीत राहणारी, तिशी ओलांडलेली, हाताला विलक्षण चव. नवरा सिक्युरिटीत कंत्राटावर, आज आहे उद्या नाही. कोपरीत स्टेशनजवळ एक टीचभर गाळा तिने भाड्याने धरला होता. पोळी-भाजी केंद्र काढायचं होतं. नाव ठरवून आली होती, अन्नपूर्णा.

मॅडमचा पंजा पडलाच. शोभाने नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पूर्ण सांग. आडनावासकट." शोभा घुटमळली आणि तिने आडनाव सांगितलं.

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही तुमच्या मनातला एक खण उघडाल आणि शोभाला त्यात ठेवून द्याल. तुम्ही तसे नसालही, पण कोपरीत पोळ्या घेणारं गिऱ्हाईक असतं. मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, "शिवणकाम असतं, मोबाईल असता तर वेगळं. हे खायचं काम आहे. देवीचं नाव राहू द्या. धंदा आहे." माझं म्हणणं व्यवहाराचं होतं आणि आजही मी ते मागे घेत नाही.

मॅडम म्हणाल्या, "पेंटर, अक्षर ठळक काढा."

मी काढलं. पिवळ्यावर लाल, काळी सावली देऊन. शोभाने पाटी रिक्षात आडवी घातली आणि स्वतः अंग चोरून बसून गेली.

सुरुवातीला बरं चाललं. दुपारी स्टेशनबाहेरचे रिक्षावाले, संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बायका. जवळच्या एका सोसायटीतल्या म्हाताऱ्या जोडप्यांनी मिळून रोजच्या डब्यांचं ठरवलं होतं. त्या एका कामावर तिचं भाडं सुटणार होतं. ठरवायला आलेल्या बाई गाळ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या, त्यांनी पाटी वाचली, शोभाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या गं?" शोभाने खरं सांगितलं. बाई वाईट बोलल्या नाहीत. उलट फार गोड बोलल्या. "आमच्याकडे सासूबाईंचं जरा असतं. कळवते हं." कळवलं नाही. मग आणखी दोन घरं सुटली. काही न बोलता सुटली.

एका दुपारी शोभा पाटी घेऊनच माझ्या दुकानात आली. मॅडम तेव्हा नव्या प्रशिक्षणार्थींच्या पाट्या बघायला तिथेच बसलेल्या. शोभाला त्या असतील असं वाटलं नव्हतं. तरी ती मागे फिरली नाही. पाटी माझ्यापुढे टेकवून म्हणाली, "काका, आडनाव पुसा. वरनं रंग मारा."

मॅडम उठल्या. "काय झालं?"

शोभाने सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "दोन-चार महिने कळ काढ. चवीवर लोक येतात. आज हे गेले, उद्या दुसरे येतील."

"उद्या येतील मॅडम, पण भाडं आज आहे."

"शोभा, दुकान कोणाचं?"

आणि शोभा फिरली. त्या केंद्रातल्या कुणी मॅडमना उलटून बोललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"माझंच आहे. म्हणून तर मलाच भरायला लागतंय. तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमचं आडनाव वाचून कोण परत जातंय? कधी गेलंय कोणी? तुम्ही मस्त खुर्चीत बसून सांगता, नाव लाव, नाव लाव. तुमच्या नावाची पाटी कुठाय, दाखवा ना!"

बोलून झाल्यावर तिलाच कसंसं झालं असावं. ती पाटीच्या कडेवर नख घासत उभी राहिली. मला वाटलं, आता मॅडम तिची खरडपट्टी काढणार.

मॅडम खाली बसल्या. म्हणाल्या, "माझं आडनाव खरं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं, ते त्या शोभाला सांगत होत्या. मी तिथे आहे हे बहुधा त्या विसरल्या होत्या. त्यांचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. डोंबिवलीत खोली बघायला जायचे, मालक आडनाव विचारायचा आणि खोली नुकतीच गेली म्हणायचा. शेवटी वडिलांनी आडनाव बदलून गावाचं नाव लावलं. खोली मिळाली. शेजारी चांगले होते. इतके चांगले की त्यांना खरं सांगायची हिंमत कधी झाली नाही. ज्या तसबिरीपुढे घरात वंदना म्हणायचे, ती वडिलांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली. वंदना म्हणताना कपाट उघडायचं, झाली की लावायचं. आजी गावाकडून आली की तिचा आवाज मोठा. बाबा तिला सारखे म्हणायचे, हळू बोल.

"आजी गेली तेव्हा शेजारच्या काकू मदतीला आल्या," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी सहज विचारलं, बारावं कुठे करणार, भटजी आमचे सांगू का? आणि बाबा हो म्हणाले. आजीने तरुणपणीच हे सगळं सोडलं होतं गं. शपथ घेऊन सोडलं होतं. आणि तिच्याच मुलाने तिच्या नावाने पिंड ठेवले, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. आमचे गावाकडचे लोक पांढऱ्या कपड्यांत आले होते. ते काही न बोलता जिन्यात उभे राहिले आणि परत गेले. त्यानंतर आमच्याकडे कुणी आलं नाही."

शोभा हळूच त्यांच्या शेजारी बसली. बाहेर डेपोत गाड्यांची घोषणा चालू होती.

मॅडमनीच शेवटी सांगितलं, "पेंटर, पुसा. ती म्हणते तसं करा. दुकान तिचं आहे."

मी पिवळा रंग मारला. तो वाळेपर्यंत दोघी बसून राहिल्या. मग त्यावर लिहिलं, 'शोभाताईंची पोळी-भाजी'. ती पाटी आजही तशीच आहे आणि शोभाचं दुकान जोरात चाललं आहे. त्या सोसायटीतले डबेही आता तिच्याकडूनच जातात. यात कोण जिंकलं आणि कोण हरलं, ते तुम्ही ठरवा. शोभाच्या पोरांची शाळा सुटली नाही, एवढं मला माहीत आहे.

त्या दिवसानंतर मॅडमनी पाटीवर पंजा ठेवणं सोडलं. लोक देवाचं नाव आणत, मुलाचं नाव आणत. मॅडम बघत आणि "ठीक आहे" म्हणत. मला ते आवडलं नाही. पूर्वी त्यांच्या पंजाने माझं काम दुप्पट व्हायचं, मी वैतागायचो. आता सगळं पहिल्या फटक्यात मंजूर व्हायला लागलं आणि मला चैन पडेना. एकदा मीच म्हटलं, "मॅडम, विचारा की, दुकान कोणाचं." त्या म्हणाल्या, "आधी स्वतः उत्तर द्यायला हवं ना?"

पुढे योजना बदलली. समोरचं प्रशिक्षण केंद्र बंद झालं, म्हणजे कुठेतरी हलवलं असं सांगितलं गेलं. मानधनावरच्या लोकांना घरी बसवलं. मॅडम निरोप घ्यायला आल्या तेव्हा हातात एक पिशवी होती, तीत फळा पुसायचा डस्टर आणि स्वतःचा चहाचा कप. "एवढंच माझं होतं," म्हणाल्या आणि हसल्या. वरची खोली आता कुरियरवाल्याने घेतली आहे.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाज जुना, भांडायला निघालेला.

"पेंटर, पाटी हवी. पत्र्याची. मी माझा वर्ग काढतेय. उद्योग मार्गदर्शन. डोंबिवलीत, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर खोली घेतलीय."

"लिहून घेतो, सांगा. नाव?"

त्यांनी पहिलं नाव सांगितलं. मग आडनाव सांगितलं, आजी-आजोबांचं. मी दोनदा विचारलं नाही. पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलं होतं.

"कागदपत्रांवर बाबांनी लावलेलं राहील," त्या म्हणाल्या. "ते त्यांनी आमच्यासाठी केलं होतं. पण पाटी माझी आहे."

"बाबांना सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांनी बोलणं टाकलंय माझ्याशी. म्हणतात, मी मेल्यावर लाव. याच इमारतीत आयुष्य काढलं, आता म्हातारपणी लोकांनी माझ्याकडे वळून बघायचं का? मी म्हटलं, तुमच्या जिवंतपणीच लावणार. मेल्यावर लावली तर ती तुमच्यापासूनही लपवल्यासारखी होईल. तेव्हापासून ताट त्यांच्या खोलीत नेऊन द्यावं लागतं." मग म्हणाल्या, "भीती वाटतेय पेंटर. पण तुम्ही रंगवा."

मी त्या पाटीला जेवढा वेळ लावला तेवढा कधी कुठल्या पाटीला लावला नसेल. प्रायमरचे दोन हात दिले. अक्षर वळणदार काढलं नाही, सरळ, दणकट काढलं. गाळलेल्या आडनावाला वळणं शोभत नाहीत, असं मला उगाच वाटलं.

रविवारी सकाळी मी शिडी आणि पाटी टेम्पोत घालून डोंबिवलीला गेलो. रविवार मॅडमनीच निवडला होता, सगळे घरी असतात म्हणून. शोभा आली होती. येताना सगळ्या इमारतीला पुरतील एवढ्या साटोऱ्या घेऊन आली होती आणि मॅडमच्या मागे मागे फिरत होती. मी शिडी लावली, भिंतीत भोकं पाडली. ड्रिलच्या आवाजाने गॅलऱ्यांत माणसं आली. पाटी वर चढवली आणि बोल्ट आवळले. खाली मॅडम शिडी धरून उभ्या होत्या.

जिन्यातून काठीचा आवाज आला. मॅडमचे वडील खाली उतरत होते. धुतलेला पांढरा सदरा, पायजमा. ते फाटकापर्यंत गेले, गल्लीत उभे राहिले. पहिल्यांदा त्यांनी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. जन्मभराची सवय असणार. मग वर, पाटीकडे. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या शिडीच्या पायरीकडे बघत राहिल्या.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक म्हाताऱ्या काकू वाकल्या. आजीच्या वेळच्याच त्या काकू असाव्यात. त्यांनी चष्मा सारखा केला, पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "अहो, पण हे आडनाव कुणाचं?"

त्यात काही खोच नव्हती. बाई खरंच विचारत होत्या. तरी शोभाने साटोऱ्यांचा डबा छातीशी धरला.

म्हातारबुवांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घसा साफ केला.

"आमचं," ते म्हणाले. पहिला शब्द बारीक निघाला. मग ते मोठ्याने, सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचं आहे. माझ्या आईचं."

काकू काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. मॅडमनी शिडी सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि मी वर एकटाच लटकत होतो.

म्हातारबुवा माझ्याकडे वळले. "आणि हे काय हो पेंटर? रस्त्यावरनं नाव झाडाआड जातंय. काढा ती. हातभर वर घ्या."

मी बोल्ट सैल केले. ते गल्लीच्या मधोमध उभे राहून काठीने दाखवत होते, "अजून वर. अजून."